तीन फेऱ्या

शाहूपुरीत एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावर नाईक साहेबांची खोली होती. खाली दिवसभर जळक्या वार्निशचा वास यायचा, तांब्याच्या तारा गुंडाळल्याचा खरखराट चालायचा आणि दुरुस्त झालेला पंप चालू करून बघताना तो चढत चढत जाणारा आवाज आमच्या फरशीतून तळपायाला लागायचा. नाईक साहेबांनी सारी नोकरी नद्यांचं पाणी मोजण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, देवधर्म करतात. यांनी स्वतःच्या हौसेने दोन कॉम्प्युटर घेतले आणि नदीच्या मागे लागले. वर किती पाऊस पडला, धरणातून किती पाणी सोडलं, पुलापाशी पातळी किती आहे, एवढं दिलं की पाणी कोणत्या गावात किती वाजता शिरेल ते सांगणारा प्रोग्राम त्यांना हवा होता. गणित त्यांच्या डायऱ्यांत तयार होतं, ते कॉम्प्युटरला समजेल असं लिहिणारं माणूस हवं होतं. मी नुकतीच इंजिनियर झाले होते. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"गाव कुठलं तुमचं?"

"कुरुंदवाड."

"मग उद्यापासून या," ते म्हणाले. "पाणी म्हणजे काय ते तुम्हाला समजावून सांगायला नको."

तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मी एसटीने गावी जायचे. आईचं आणि अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, घर वरच्या अंगाला, उंचावर होतं, पण मी पिशवी तिथे टाकून थेट खालच्या गल्लीत अक्काकडे जायचे. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला लग्न करून गावातल्या गावातच दिलं होतं, नदीच्या बाजूला, जिथून पाच मिनिटांत घाटावर जाता यायचं. सासूसासरे आधीच गेलेले, मूलबाळ नाही, दोन म्हशी आणि दाजी. त्या घराचा वास अजून माझ्या नाकात आहे. ओला कडबा, शेणकूट आणि चुलीवर भाजलेल्या वांग्याची काळी साल. कृष्णाकाठची ती वांगी अक्का निखाऱ्यात टाकायची, भाकरी थापता थापता चिमट्याने फिरवायची आणि साल निघाली की कच्चा कांदा, शेंगदाण्याचं कूट घालून वर घट्ट दही ओतायची. मी एक भाकरी संपवून हात आखडला की म्हणायची, "थांब, अजून दही आणतो." आमच्याकडे बायकाही 'आणतो', 'जातो' असंच म्हणतात. कोल्हापुरात कॉलेजला गेल्यावर माझी ती सवय सुटली; अक्काची कधीच सुटली नाही.

दाजींचं नाव शिवलिंग. उंच, हडकुळा माणूस, आवाज मात्र असा की म्हैस पलीकडच्या गल्लीतून परत यावी. त्यांना माझ्या नोकरीचं इतकं अप्रूप होतं की गावभर सांगत फिरायचे, आमच्या सुमीनं नदी कंप्युटरात घातलीया. मी दारात आले की त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा.

"काय इंजिनेर बाई, आज तुमचं पाणी कुठवर आलं?"

"बंधाऱ्यापर्यंत आलं दाजी, मग प्रोग्राम बंद पडला."

"मग बरंच झालं की! गाव वाचलं न्हवं!"

आणि स्वतःच्याच विनोदावर ते एवढ्या मोठ्याने हसायचे की गोठ्यात म्हशी मान वर करायच्या.

प्रोग्राम वर्षभरात उभा राहिला. उत्तर बरोबर यायचं, पण यायला नऊ तास लागायचे. पावसाळ्यात धरणाचा आकडा दर तीन तासांनी बदलतो, पाऊस तासातासाला. नाईक साहेब टेबलावर बोटं वाजवत म्हणायचे, "सुमंगला, नऊ तासांनी आलेलं उत्तर म्हणजे कालचा पेपर." रागावून नाही, पण ते रोज म्हणायचे. मी माझ्या परीने सगळं करून पाहिलं. कॉलेजच्या सरांना विचारलं, ते म्हणाले की मशीन लहान पडतंय. बरोबरच्या मैत्रिणी पुण्यात नोकरीला होत्या, त्यांचं काम निराळं. कोल्हापुरात मला हवा तो प्रश्न कळेल असं माणूस मला माहीत नव्हतं. मग मी इंटरनेटवर शोधायला लागले. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून जोडणी व्हायची, किरकिर आवाज यायचा, मधेच तुटायची.

आज मुलांना वाटतं की प्रश्न टाकला की उत्तर येतं. मला विचारायची जागा सापडायलाच चार महिने गेले. पहिल्या ठिकाणी मला कुणीतरी लिहिलं की गृहपाठ स्वतः करावा. दुसऱ्या ठिकाणी माझ्या इंग्रजीची टिंगल झाली, प्रश्न बाजूलाच राहिला. तिसऱ्या ठिकाणी सगळे भले होते, पण नवशिक्यांचे. मी काय विचारते आहे तेच त्यांना समजत नव्हतं आणि ते मला नवीन कॉम्प्युटर घ्यायला सांगत. मग एका जुन्या उत्तराच्या तळाशी कुणीतरी एका छोट्या मेलिंग लिस्टचा पत्ता दिलेला दिसला. पाचपन्नास माणसांचा गट, रंग नाही, चित्र नाही, नुसती पत्रं. हवामानाची, पुलांची, जहाजांची अवजड गणितं करणारे लोक. मी तीन दिवस एक पत्र लिहीत होते, खोडत होते. शेवटी पाठवलं. दुसऱ्या दिवशी एकच उत्तर आलं, खाली सही म्हणून नुसतं 'आर.'

त्यात उपदेश नव्हता. तीन प्रश्न होते. नऊ तासांपैकी कोणता भाग किती वेळ खातो ते मोजलंत का? आकडे मेमरीत कोणत्या क्रमाने ठेवलेत? आणि वाचता कोणत्या क्रमाने? पहिल्याचं उत्तर 'नाही' होतं आणि ते लिहिताना मला लाज वाटली. मी आठवडाभर नुसतं मोजत बसले. मग कळलं की माझा प्रोग्राम आकड्यांपर्यंत जायलाच बराच वेळ घालवतो. दुकानात पन्नास पोती ओळीने असावीत आणि प्रत्येकातून एकेक दाणा घेत पन्नासाव्यापर्यंत जावं, पुन्हा पहिल्याशी यावं, तसं चाललं होतं. एक पोतं संपवून दुसऱ्याकडे जायचं, एवढाच बदल. नऊ तासांचे चार झाले. उत्तर तेच, शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. मी आर. यांना आनंदाने लांबलचक पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: "छान. आता पुन्हा मोजा."

मला हे आज समजतं की मला हवी ती जागा तेव्हाच सापडली होती. तेव्हा मला वाटलं की ही माणसं कोरडी आहेत. पुन्हा मोजलं, पण पुढचं सुचवलेलं काम अवघड होतं. महिने लागले असते आणि पावसाळा तोंडावर होता.

त्याच सुमाराला मला एक दुसरी जागा मिळाली. मोठी, गजबजलेली, हजारो लोक, नावापुढे तारे मिळायचे. कुणी दहा तासांचं काम दहा मिनिटांत आणलं की शेकडो लोक कौतुक करायचे. तिथे मी माझा प्रश्न टाकला आणि तासाभरात वीस उत्तरं आली. त्यातल्या एकाने वर्मावर बोट ठेवलं. नदीचं पाणी पुढे सरकताना प्रोग्राम प्रत्येक टप्प्यावर तेच गणित पुन्हा पुन्हा करायचा, उत्तर हलायचं थांबेपर्यंत. खालचं पाणी वरच्याला अडवतं, वरचं खालच्याला ढकलतं, त्यांचा मेळ बसेपर्यंत फेऱ्या. त्याने लिहिलं, "तुझ्याच आकड्यांत बघ, बहुतेक वेळा तिसऱ्या फेरीतच मेळ बसतो. तिथेच थांबव. उगाच कशाला वाट बघतेस?"

मी तिसऱ्या फेरीला थांबवलं. चार तासांची अकरा मिनिटं झाली.

नाईक साहेब खुर्चीतून उठले आणि खालच्या दुकानात जाऊन सगळ्यांना चहा सांगून आले. त्यांच्या डायऱ्यांतल्या दोन पावसाळ्यांवर मी उत्तर पडताळून पाहिलं होतं, चारदोन बोटांचा फरक. त्या मोठ्या जागी मी ते लिहिलं आणि माझ्या नावापुढे इतके तारे आले की मी ते दिवसातून चारदा उघडून बघायचे. अनोळखी माणसं मला प्रश्न विचारू लागली. मी उत्तरं देऊ लागले, जरा तोऱ्यात. मग वाटलं, त्या कोरड्या लोकांनाही कळू दे. छोट्या लिस्टवर दोन ओळी टाकल्या: चार तासांवरून अकरा मिनिटं.

आर. यांचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. मला ते पाठ आहे. "अभिनंदन. उत्तर तेच आहे का? ज्या दोन वर्षांवर तपासलंत, त्या वर्षी दोन्ही नद्या एकाच वेळी भरलेल्या होत्या का? नसतील, तर असं एक वर्ष शोधा."

नव्हत्या. मला ते माहीत होतं. त्या दोन्ही वर्षी पंचगंगा चढली होती, पण आमच्या गावाजवळ ती जिला मिळते ती कृष्णा खाली होती, पाणी आलं तसं निघून गेलं होतं. नाईक साहेबांच्या कपाटात तिसरी डायरी होती, जुनी, दोन्ही नद्या फुगल्या त्या वर्षाची. तिच्यातली हाताने लिहिलेली पानं भरून घ्यायला दोन दिवस लागले असते. मी कपाट उघडलं, डायरी हातात घेतली, पानं जीर्ण होती, शाई फिकी पडली होती. परत ठेवली. म्हातारा खुसपट काढतोय, असं मनात आलं. आर. म्हातारे होते की नाही हेही मला माहीत नव्हतं. पत्राला उत्तर दिलं नाही, नाईक साहेबांना त्याबद्दल बोलले नाही. हे मी बरेच महिने कुणालाच सांगितलं नाही.

त्या वर्षी पाऊस सुरू झाला तो थांबेचना. एका दुपारी दोनच्या सुमाराला नाईक साहेबांनी फोनवरून धरणाचा नवा आकडा घेतला, कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवला. मी प्रोग्राम चालवला. अकरा मिनिटांत उत्तर आलं. त्यानंतर पाचच मिनिटांत अक्काचा फोन आला. शेजारच्या दुकानातून करत होती, मागे गलका ऐकू येत होता.

"सुमी, खालच्या अंगाची लोकं हलाय लागल्यात. आमी काय करू?"

"आत्ताच काढलंय मी, अक्का. तुमच्या गल्लीत पाणी उद्या दुपारी चारच्या आधी येत नाही."

"चार?"

"चार. आज धान्य, भांडी अप्पांकडे हलवा. म्हशी उद्या सकाळी धार काढून सावकाश न्या. गडबड करू नका."

"नक्की न्हवं?"

"नक्की."

पलीकडे दाजींचा आवाज आला, नेहमीसारखा, फोनची गरज नसल्यासारखा. "बघ! म्हटलं न्हवतं मी?" मग फोन ठेवल्याचा आवाज. मी खुर्चीत मागे टेकले आणि मला फार बरं वाटलं. माझ्या कामाचा माझ्या माणसांना उपयोग होत होता. तो सुखाचा क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो आणि मला तो आठवायला नको असतो.

पाणी सकाळी साडेसातला आलं. ते नदीकडून आलं नाही, म्हणून कुणाला दिसलं नाही. कृष्णा इतकी भरली होती की पंचगंगेच्या पाण्याला पुढे जायला जागाच उरली नव्हती. ते मागे फिरलं आणि गल्लीच्या पाठीमागच्या ओढ्यातून वर चढलं. दाजींनी धार काढली होती, अक्काला दुधाची कासंडी आणि एक गाठोडं देऊन वर अप्पांकडे पाठवलं होतं. ते स्वतः गाडीत कडबा भरायला थांबले. म्हशींना चार दिवस खायला काय घालायचं, हा त्यांचा हिशेब. अक्का वर पोचून मागे वळली तर मधला रस्ता पाण्याखाली. तासाभराने दोन्ही म्हशी पोहत शाळेच्या चढाला लागल्या. त्यांच्या गळ्यातली दावी विळ्याने कापलेली होती.

हे मला चार दिवसांनी कळलं. रस्ते बंद होते, फोन मुके. ते चार दिवस मी त्या खोलीत बसून दर तीन तासांनी प्रोग्राम चालवत होते आणि तो दर वेळी मला अकरा मिनिटांत काहीतरी सांगत होता. खालचं दुकान बंद होतं, त्यामुळे पहिल्यांदाच तिथे शांतता होती. पाचव्या दिवशी मी ट्रॅक्टरवर बसून गावात शिरले. दाजी उसाच्या फडात सापडले होते. अक्का अप्पांच्या पडवीत बसली होती, दोन्ही म्हशी समोर बांधलेल्या. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "जेवलीस का?" मी तिच्या पायांवर पडले. तिने माझ्या केसांतला चिखल बोटांनी काढायला सुरुवात केली आणि बराच वेळ तेवढंच करत राहिली.

म्हशी विकून दिवाळीआधी ती माझ्याकडे कोल्हापुरात राहायला आली. दोन खोल्या, एक गॅलरी. ती पहाटे उठायची, कारण तिचे हात धारेच्या वेळेला उठायचे. मग करायला काही नसल्याने भांडी पुन्हा घासायची. मला अंथरुणात पितळेवर राख घासल्याचा आवाज यायचा. ती मला रोज डबा द्यायची. वांगी मात्र तिने पुन्हा कधी भाजली नाहीत, मीही मागितली नाहीत. तिने मला एकदाही विचारलं नाही की तू चार का म्हणालीस. कुणी विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. न विचारलेल्या प्रश्नाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. रस्त्यात कुणी मोठ्या आवाजात हाक मारली की मी मागे वळून बघायचे. एकदा ऑफिसात फोन वाजला आणि मी तो उचलूच शकले नाही, तो वाजून वाजून थांबला. त्या गजबजलेल्या जागेवर माझ्या अकरा मिनिटांना अजून कौतुकाची पत्रं येत होती. एक तर पाणी आलं त्याच सकाळचं होतं. 'काय सुंदर काम!' एवढंच लिहिलेलं.

शेवटी मी आर. यांना लिहिलं. लिस्टवर, सगळ्यांसमोर. काय केलं, का केलं, तिसरी डायरी, दाजी, सगळं. वाटलं होतं की कुणी शिव्या देईल किंवा धीर देईल. दोन दिवस काहीच आलं नाही. मग आर. यांचं पत्र आलं. "मला फार वाईट वाटतं. त्या दुपारचे आकडे तुमच्याकडे आहेत का? पाठवा. फेऱ्यांची मर्यादा काढून आपण दोघे चालवू. उत्तर बघायची तयारी असेल तरच."

तयारी नव्हती. तरी चालवला. दुपारी दोनला सुरू केला, त्या दिवशी केला होता तसाच. मी खिडकीशी उभी राहून खालच्या दुकानातले पंप ऐकत होते. चार तास लागले. संगमापाशी तीन फेऱ्यांत मेळ बसत नव्हता, सदतीस लागत होत्या. दोन भरलेल्या नद्या एकमेकींना ढकलतात तेव्हा तेवढ्या लागतात. तिसऱ्या फेरीला थांबवलं की प्रोग्राम समजायचा की पाणी पुढे निघून गेलं. पूर्ण फेऱ्या केल्यावर उत्तर आलं: सकाळी सात ते आठच्या दरम्यान. मी घड्याळ पाहिलं. सहा वाजले होते. बाहेर अजून उजेड होता, लोक भाजी घेत होते. म्हणजे माझा जुना, हळू, चार तासांचा प्रोग्राम जर मी तसाच ठेवला असता, तर त्या संध्याकाळी दिवे लागायच्या आत मी फोन करू शकले असते. तेरा तास हातात होते.

तिकडे आर. यांच्या मशीनवरही तेच आलं. त्यांनी एक ओळ लिहिली: "माझंही तेच आलं. आज आणखी काही करू नका. घरी जा."

आधी नाईक साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही. "ती डायरी मी स्वतः तुमच्यापुढे ठेवायला हवी होती," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. घरी गेल्यावर अक्काला सांगितलं. तिला फेऱ्या, मेमरी यांतलं काही समजणार नाही असं मला वाटत होतं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे तू तिसऱ्यांदा बघून उठलीस. आन सदतीसदा बघाय पायजे हुतं?"

"हो."

तिने ताट वाढलं. मी जेवले. ते ताट मी कसं संपवलं ते मला आठवत नाही.

त्यानंतर दीड वर्ष मी, आर. आणि लिस्टवरची आणखी तीन माणसं त्या प्रोग्रामवर काम करत होतो. ती तीन माणसं माझ्याशी कधी गोड बोलली नाहीत. मी एखादी गोष्ट पाठवली की तीन जण तीन ठिकाणी ती मोडता येते का ते बघायचे आणि बहुतेक वेळा मोडायची. तिसरी डायरी मी स्वतःच्या हाताने भरून घेतली, एकेक आकडा मोठ्याने वाचत. शेवटी सर्व फेऱ्या पूर्ण करून प्रोग्राम पस्तीस मिनिटांत उत्तर देऊ लागला. पुढच्या पुरांत नाईक साहेबांच्या ओळखीच्या काही गावांनी तो वापरला, माणसं वेळेत हलली. मला कुणी धन्यवाद दिले की मी विषय बदलते. आर. यांची पत्रं काही वर्षांनी यायची थांबली. ते कोण होते, कुठल्या गावचे, आजारी पडले की कंटाळले, लिस्टवर कुणालाच माहीत नव्हतं. त्यांची जुनी पत्रं मात्र तिथे आहेत. त्यातलं ते एक मी अजून कधी कधी उघडते. 'उत्तर तेच आहे का?' त्याच्याखाली उत्तरांची जागा रिकामी आहे.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे आणि त्या लिस्टवर तेच काम मी करते. कुणी हरखून काही पाठवलं की मी विचारते, कशावर तपासलंत? कधी समोरून उत्तर येत नाही. तरुण मंडळी चिडतात, दुसऱ्या, जास्त आनंदी जागी जातात. ती शांतता मला ओळखीची आहे. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिते, तिसऱ्या दिवशीही लिहिते. आगाऊ बाई म्हणत असतील.

हे प्रकरण लिहून झालं तेव्हा ते अक्काला वाचून दाखवायचं ठरवलं. तिच्या माणसाबद्दल लिहिलेलं तिने आधी ऐकायला हवं. दुपारची वेळ होती, ती गॅलरीत पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी इथपर्यंत सगळं वाचलं. मधे तिने एकदाच थांबवलं. म्हशींची दावी विळ्यानं न्हवं, खुरप्यानं कापली हुती, म्हणाली. शेवटची शेंग सोलून झाल्यावर तिने वर पाहिलं.

"एवढंच लिवलंस?"

"एवढंच. अजून काय राहिलं?"

"त्या दिवशी सकाळी सहाला गाडी आलती."

"कुठली गाडी?"

"सरकारी जीप. भोंगा लावल्याली. पाणी येतंय, आत्ताच्या आत्ता भायर पडा, म्हणून वराडत गल्लीतनं चालली हुती. ह्यांनी थांबवली तिला दारात."

मी वही खाली ठेवली. "दाजींनी?"

"व्हय. च्या घेता का म्हणून इचारलं त्यास्नी. आन म्हटले, पावणं, तुमी फुडच्या गल्लीला जावा, तितं म्हातारी माणसं हायती. आमची काळजी करू नगा. आमच्या घरात पाणी बघणारी हाय."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"एवढी वर्षं का नाही बोललीस?"

"काय करणार हुतीस तू ऐकून?" तिने मुठीतले दाणे पातेल्यात टाकले. "मला वाटलं, ह्ये माझ्यापाशीच ऱ्हावं. पर आता लिवायलीस न्हवं. मग सगळं लिव."

"जीपमधला माणूस काय म्हणाला?"

"काय म्हणणार? हसला. बरं म्हटला, आन गाडी फुडं गेली."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, टरफलं पदरात गोळा केली आणि आत गेली. मी तिचे शब्द विसरायच्या आत, जसे होते तसे, लिहून काढले आहेत.